अभिलेखाधिकार

अभिलेखाधिकार : अभिलेखसंग्रहातील कागद कोणी पहावा, त्यात कोणी लिहावे, लिहिलेले कोणी मंजूर करावे आणि या कामांची मुभा कोणाला द्यावी वा कोणाकडून काढून घ्यावी, हे ठरविणारी व्यवस्था. संगणकीय भांडारात ती वापरकर्त्यांची खाती, परवलीचे शब्द आणि परवानग्या यांच्या रूपाने दिसते. कागदी दफ्तरांच्या काळी शिक्का, हस्ताक्षर, कुलूप आणि वतन ही तिची साधने होती. साधने बदलली, तरी व्यवस्थेपुढील मूळ प्रश्न फारसे बदललेले नाहीत. एकाच गावाचा कागद निरनिराळ्या राजवटींत कोणाच्या हाती होता हे पाहिल्यास ते स्पष्ट होते. या दृष्टीने जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड आणि त्याच्या आसपासचा गोदाकाठ यांचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे.

शहागड हे गोदावरीच्या उत्तर तीरावर, धुळे-सोलापूर महामार्गावर वसलेले गाव आहे. नदीपलीकडे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका लागतो. मोगलांच्या व पुढे निजामाच्या औरंगाबाद सुभ्यात हा टापू मोडत असे. मराठ्यांना १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. तेव्हापासून या भागात एकाच रयतेकडून दोन सत्तांचे अंमलदार वसूल घेऊ लागले आणि साहजिकच एकाच गावाचे कागद दोन दफ्तरांत पडू लागले. शहागडजवळच नदीच्या दक्षिण काठावर राक्षसभुवन आहे. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत मारला गेला. लढाईचा निकाल एका दिवसात लागला. कोणत्या गावाचा किती वसूल कोणाकडे, हा प्रश्न मात्र पुढेही दफ्तरांतूनच सुटावयाचा होता.

मराठ्यांच्या दफ्तरपद्धतीचा विशेष असा की, तीत कोणत्याही एका हाताने कागद पुरा होत नसे. शिवकालीन अष्टप्रधानांपैकी मुजुमदार (अमात्य) जमाखर्च पाही, तर सुरनीस (सचिव) राजपत्रांची तपासणी करी. पत्राचा मजकूर संपल्यावर मोर्तब उमटे. त्यानंतर त्यात शब्द वाढविण्यास जागाच राहत नसे. पेशवाईतील कागदांवरील ‘लेखनसीमा’ हा शिक्काही त्याच हेतूचा आहे. महालाच्या पातळीवर ही विभागणी अधिक काटेकोर होती. कमाविसदार किंवा मामलेदार हा महालाचा मुख्य खरा. पण त्याच्याभोवती दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस हे दरकदार असत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार कमाविसदारास नव्हता. हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वी मुजुमदाराची मान्यता लागे. फडणीस कागदावर तारीख घालून तो रोजकीर्दीत घेई. दफ्तरदार त्या कीर्दीवरून खतावणी तयार करून दरमहा गोषवारा सरकारात पाठवी. रोकड पोतनिसाकडे, नाण्यांची पारख पोतदाराकडे. म्हणजे खोटा हिशेब घालावयाचा, तर निदान तिघाचौघांना एक व्हावे लागे. ते कधी एक होत नसत असे नव्हे. पेशवाईच्या अखेरीस मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्यावर ही व्यवस्था खिळखिळी झाली. तथापि लिहिणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा हे वेगळे असावेत, हे तत्त्व या पद्धतीत पूर्णपणे ओळखलेले होते. संगणकशास्त्रात ‘कर्तव्यांचे विभाजन’ म्हणून जे सांगतात, ते याहून निराळे नाही.

गावात मात्र हे विभाजन पातळ होई. तेथे पाटील वसुलाचा धनी आणि कुलकर्णी लेखणीचा. परगण्याचा देशपांडे कुलकर्ण्याचे कागद पडताळून पाही. परंतु दोघेही वतनदार, बहुधा एकाच लेखक वर्गातील. ज्याच्या शेताविषयी लिहिले जाई त्या कुणब्याला अक्षरओळख नसे. त्याच्या बाजूने या नोंदीवर पहारा करणारा कोणी नव्हता. जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात (लेखन १८८१–८३) कुलकर्ण्याच्या लेखणीवर जो रोख धरला, त्यामागे हीच वस्तुस्थिती होती. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. अभिलेखाधिकाराच्या इतिहासात या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. लेखणी घराण्याची न राहता पदाची झाली, आणि पद सोडणाऱ्याने दफ्तर मागे ठेवून जावे, ही अपेक्षा त्यामुळे शक्य झाली.

शहागडकडे ही सुधारणा उशिरा आली. निजामाच्या राज्यात महसुलाची दोन मोठी दफ्तरे होती. मराठवाड्याकडील कागद दफ्तर-इ-दिवाणीत आणि तेलंगणाकडील दफ्तर-इ-मालात असत. पहिले रायरायान या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याकडे, तर दुसरे मालवाला या कायस्थ घराण्याकडे पिढीजात होते. कागदांचा ताबा हीच या घराण्यांची सत्ता होती; दिवाणाला राज्याचा वसूल जाणून घ्यावयाचा, तरी त्यांच्यावाचून गत्यंतर नसे. पहिल्या सालारजंगाने १८५३ मध्ये दिवाणगिरी हाती घेतल्यावर ज्या सुधारणा केल्या, त्यांत दफ्तरदारांचे हे महत्त्व मोडून महसुलाचा कारभार सरकारी खात्याकडे घेणे ही एक मूलभूत बाब होती. १८६५ च्या जिल्हाबंदीने पगारी अधिकाऱ्यांची उतरंड निर्माण झाली. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदी होऊन मराठवाड्यात सेतवार तयार झाले. गावात पाटील-पटवारी मात्र वंशपरंपरेनेच राहिले.

या व्यवस्थेत वाचण्याच्या अधिकाराला एक निराळाच अडसर होता, तो लिपीचा. गावचा कागद बहुधा मोडीत. तालुक्याच्या वरचा कारभार फारसीत आणि १८८४ पासून उर्दूत. कोणताही मज्जाव लिहून ठेवलेला नसताना अंबड तालुक्यातील शेतकऱ्याला स्वतःच्या शेताचा कागद बंदच होता. नक्कल मिळाली, तरी ती वाचून घेण्यासाठी तो ज्याच्याकडे जाई, तोच पुष्कळदा त्या नोंदीचा लेखक असे. परवानगी देऊनही प्रवेश न देण्याची ही रीत कोणत्याही कुलपापेक्षा अधिक टिकाऊ ठरली. तिची फळे शहागड परिसराला एकविसाव्या शतकातही भोगावी लागली, ते पुढे येईलच.

याच काळात ब्रिटिश मुलखात वाचण्याच्या अधिकाराचा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहिला. पेशव्यांचे दफ्तर १८१८ नंतर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. इनाम कमिशनने (१८५२ चा ११ वा अधिनियम) त्याचा उपयोग इनामदारांच्या सनदा पडताळण्यासाठी केला. ज्याच्या इनामाची चौकशी चाले, त्याला ते दफ्तर उघडून पाहण्याची सोय नव्हती. पुरावा सरकारच्या हाती आणि सिद्ध करण्याचे ओझे इनामदारावर, अशी ही स्थिती होती. पुढे इतिहाससंशोधकांनाही हे दफ्तर दीर्घकाळ जवळजवळ बंदच राहिले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली, ती मुख्यतः खाजगी घराण्यांच्या दफ्तरांतून. सरकारी दफ्तर मिटलेले असल्यामुळेच त्यांना गावोगाव हिंडावे लागले, असे म्हणण्यास हरकत नाही. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३०–३४ या काळात निघाले, तेव्हा हा प्रतिबंध प्रथमच मोठ्या प्रमाणावर शिथिल झाला.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतरच्या दहा वर्षांत मराठवाड्यातील जमिनीच्या नोंदींना पूर्वी कधी नव्हते एवढे मोल आले. संस्थानात जमिनीच्या हक्कनोंदणीसंबंधीचा विनियम १३५८ फसलीचा आहे. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने संरक्षित कुळांना हक्क दिले. परंतु संरक्षित कूळ कोण, हे ठरणार कागदावर. ज्याचे नाव पटवाऱ्याने वहिवाटीच्या रकान्यात घातले तो कूळ ठरला. ज्याचे नाव राहून गेले त्याने वर्षानुवर्षे नांगर धरला असला, तरी तो उपरा ठरण्याचा धोका होता. १९५४ च्या सुमारास तयार झालेली खासरापत्रके आजही मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत मूळ पुरावा म्हणून काढली जातात. नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आल्यावर राज्यभर एकच पद्धत झाली आणि पटवाऱ्याच्या जागी तलाठी स्थिरावला. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा काढण्यात आला, तेव्हा अंबड तालुका व त्याबरोबर शहागड नव्या जिल्ह्यात गेले.

संहितेतील फेरफाराची तरतूद अभिलेखाधिकाराच्या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. खरेदी, वारसा, वाटणी इत्यादींमुळे हक्कात बदल झाल्याची वर्दी मिळाली की, तलाठी फेरफाराच्या नोंदवहीत (गाव नमुना ६) नोंद घेतो. ती नोंद चावडीवर लावावी लागते आणि हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. नोंद लिहिणाऱ्या तलाठ्याला ती प्रमाणित करण्याचा अधिकार नाही. तो अव्वल कारकुनाहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याला, आणि वाद नसल्यास मंडळ अधिकाऱ्यालाही आहे. लेखनातील चूक दुरुस्त करावयाची तर कलम १५५ चा आधार घ्यावा लागतो. कलम ३२७ अन्वये नकाशे व भूमी अभिलेख पाहण्यास लोकांना मुभा आहे. फडणीस व मुजुमदार यांचे जुने नाते येथे कायद्याच्या भाषेत परत आले आहे. उणीव एवढीच की, नोंदवही तलाठ्याच्याच कपाटात असे. दोन ओळींच्या मध्ये पडलेले अक्षर केव्हा पडले, हे कागद सांगू शकत नसे.

संगणकाने नेमके हे सांगण्याची सोय केली. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करण्याची पद्धत १९६१ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने दाखवून दिली, आणि प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहावीत म्हणून परवलीचा शब्द वापरात आला. (मराठीतील हा शब्द लष्करी छावणीतला आहे, रात्री पहारेकऱ्याला जी खूण सांगावी लागे ती परवल.) या पद्धतीचे दोषही लवकरच दिसले. १९६६ च्या सुमारास एका गफलतीने परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादीच आत येणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रावर छापली जाऊ लागली. पुढे मल्टिक्स प्रणालीत प्रत्येक दस्तऐवजाला परवानगीची स्वतंत्र यादी जोडण्यात आली. तर युनिक्समध्ये धनी, गट आणि इतर अशा तीन वर्गांना वाचणे, लिहिणे व चालविणे यांच्या परवानग्या देण्याची आटोपशीर रीत रूढ झाली. १९९२ मध्ये फेरायोलो व कून यांनी भूमिकाधिष्ठित परवानगीची कल्पना मांडली. तीनुसार अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावयाचा व व्यक्तीला भूमिकेवर नेमावयाचे. बदली झाली की भूमिका काढली जाते आणि अधिकार आपोआप संपतो. वतन मोडून पद निर्माण करण्याचाच हा यांत्रिक आविष्कार होय.

ग्रंथालये व विद्यापीठे यांच्या अंकीय भांडारांतही हीच रचना असते. २००२ मध्ये आलेल्या डीस्पेस या प्रणालीत वापरकर्त्यांचे गट करून प्रत्येक संग्रहासाठी वाचणे, भर घालणे, तपासणे, व्यवस्था पाहणे यांची मुभा वेगवेगळी ठरविता येते; भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे शोधगंगा हे भांडार याच प्रणालीवर उभारलेले आहे. अशा भांडारात सर्वांत अवघड जागा व्यवस्थापकाची. तो इतरांना खाती देतो, त्यामुळे त्याच्यावर मर्यादा कोणी घालावयाची, हा प्रश्न उरतोच. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे त्यालाही पुसता येऊ नये अशी कृतींची नोंदवही.

महाराष्ट्रात या तत्त्वांची सर्वांत मोठी कसोटी सातबाऱ्याच्या संगणकीकरणात लागली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अंकीय स्वाक्षरीला कायद्याची मान्यता दिली आणि २००८ पासून केंद्राच्या भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाची जोड मिळाली. त्यांच्या आधारे राज्यात ई-फेरफार प्रणाली टप्प्याटप्प्याने लागू झाली. तीत तलाठ्याचे खाते त्याच्या सेवा क्रमांकाशी व सज्ज्याशी जोडलेले असते. शहागडच्या सज्ज्याचा अधिकार असणाऱ्याला शेजारच्या सज्ज्यातील गावाची नोंद धरता येत नाही. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती तहसील कार्यालयामार्फत तलाठ्यापर्यंत पोहोचते. नोटिशीची मुदत भरेपर्यंत मंडळ अधिकाऱ्याला नोंद प्रमाणित करता येत नाही. प्रमाणित होताच सातबारा बदलतो, आणि त्यानंतर दुरुस्ती हवी असेल, तर तहसीलदाराचा आदेश लागतो. खाती उघडणे, बंद करणे व बदलीनंतर नव्या सज्ज्याशी जोडणे हे काम तालुक्यात नायब तहसीलदाराच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. तलाठी हे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे बदलण्यात आले.

१ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा लोकांना घरबसल्या मिळू लागला. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे आणि महामार्गामुळे या पट्ट्यातील जमिनीला भाव आला असल्याने, हा कागद हेलपाट्यांवाचून मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याहूनही मूलगामी बदल १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने केला. गाव नमुना १२ मधील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करावयाची आणि महसूल कर्मचाऱ्याने तिची पडताळणी करावयाची, अशी ही पद्धत आहे. म्हणजे सातबाऱ्याच्या एका भागापुरते लिहिण्याचे खाते प्रथमच कुणब्याच्या हाती आले. ज्याच्या हाती भ्रमणध्वनी नाही वा ज्याच्या शिवारात संपर्क मिळत नाही, त्याला दुसऱ्याचा आधार घ्यावा लागतो हेही खरे. पीकविमा व नुकसानभरपाई या नोंदीवर अवलंबून असल्याने ही अडचण किरकोळ मानता येत नाही.

यंत्र ज्याला रोखू शकत नाही असा एक दोष मात्र राहतोच. अंकीय स्वाक्षरीची किल्ली आणि परवलीचा शब्द कामाच्या रेट्यात मदतनिसाच्या हाती दिला की, नोंदवहीत नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, अशी स्थिती होते. जुन्या काळी कारकुनाकडे शिक्का ठेवून मामलेदार स्वारीवर जात, त्याचीच ही नवी आवृत्ती. फरक इतकाच की, आता जबाबदारी कोणाची हे कायद्याने आधीच ठरलेले असते : ज्याची किल्ली, त्याची स्वाक्षरी.

शहागड परिसरात अभिलेखाधिकाराचा प्रश्न २०२३ मध्ये अनपेक्षित बाजूने ऐरणीवर आला. मराठा आरक्षणासाठी जवळच्याच अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे यांचे उपोषण चालू असता १ सप्टेंबर २०२३ रोजी लाठीमार झाला आणि आंदोलन राज्यव्यापी बनले. मागणी निजामकालीन नोंदींवर आधारलेली होती. ज्यांच्या पूर्वजांची नोंद कुणबी अशी आहे, त्यांना कुणबी जातीचे प्रमाणपत्र मिळावे, असे तिचे स्वरूप होते. त्याच महिन्यात सेवानिवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. महसुली नोंदवह्या, गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांचे दाखले, भूमी अभिलेख, कारागृहाची व पोलिसांची जुनी कागदपत्रे तपासण्यात आली. समितीने हैदराबादलाही जाऊन शोध घेतला. सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्हाधिकारी कार्यालयांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या.

प्रतिमा सर्वांना खुल्या झाल्या, पण त्या मोडीत, उर्दूत आणि फारसीत होत्या. मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची गावोगाव शोधाशोध झाली. संगणकाने दिलेली वाचण्याची परवानगी वाचकाच्या अक्षरज्ञानापाशी येऊन थांबली. शिवाय प्रतिमेला गावाचे व साल-सनाचे नाव देणारा माणूस चुकला, तर ती असूनही सापडत नाही. भांडारात वर्णन लिहिण्याचा अधिकार मूळ नोंद लिहिण्याच्या अधिकाराइतकाच मोलाचा आहे, ही गोष्ट या निमित्ताने पुष्कळांच्या ध्यानात आली. आणखी एक भेद महत्त्वाचा ठरला. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या औरंगाबादच्या गॅझेटियरसारख्या ग्रंथांत जातवार संख्या आहेत, व्यक्तींची नावे नाहीत. संख्येवरून एका माणसाचा पूर्वज शोधता येत नाही. त्यासाठी नामवार नोंद लागते, आणि मराठवाड्यात तशा नोंदी विदर्भाच्या मानाने कमी मिळतात. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींच्या आधारे प्रमाणपत्रांची कार्यपद्धती ठरवून दिली. स्थानिक चौकशीचे काम ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांच्या गावसमितीवर सोपविण्यात आले. इतर मागास वर्गाच्या संघटनांनी या निर्णयाला विरोध केला आणि त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

या खुल्या झालेल्या पानांवर केवळ अर्जदारांचेच पूर्वज नाहीत. एका पानावर गावातील अनेक घरांच्या जाती, जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदी एकाखाली एक असतात. एका वारसासाठी पान उघडले की, ते साऱ्यांसाठी उघडते. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने हयात व्यक्तींच्या माहितीविषयी बंधने घातली आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या कोतवालाच्या वहीत लिहिलेले नाव मात्र ज्याचे आहे, तो संमती देण्यास वा नाकारण्यास उरलेला नसतो, आणि त्याची नातवंडे-पणतवंडे त्याच गावात नांदत असतात. पान उघडावे की त्यातली एकच ओळ, हे ठरविण्याचे काम तालुक्याच्या अभिलेखकक्षातील कर्मचाऱ्याला नकलेच्या प्रत्येक अर्जागणिक करावे लागते.